फवारणीच्या कंत्राटावर सही करण्याआधी: ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे व नवी मुंबई

विषय: पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट आणि त्यात लिहायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

मार्च-एप्रिलात एएमसी (देखभालीची वार्षिक कंत्राटं) नव्याने करायची घाई असते. लिफ्ट आणि पंपांच्या कोटेशनवर समितीत तासभर खल होतो. पेस्ट कंट्रोलची पाळी आली की सगळ्यांत लहान आकडा बघून सही होते. कागदावर एवढंच असतं: महिन्यातून दोन फवारण्या, ड्रेनेज व जिने. कुठली कीड, कोणतं औषध, किती पाण्यात, नेमकं कुठे मारायचं, याचा एक शब्द नसतो.

आम्ही कीडनियंत्रणाचं काम करणारे तंत्रज्ञ हे पत्र सभासदांऐवजी तुम्हाला लिहितोय, कारण किडीचे रस्ते तुमच्या ताब्यात आहेत. डक्ट (पाईप जाण्याची उभी पोकळी), चेंबर, टाक्या, लिफ्टचा खड्डा, कचऱ्याची खोली, वॉचमनची केबिन या सगळ्यांच्या किल्ल्या ऑफिसातल्या कपाटात असतात. सातव्या मजल्यावरच्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरावर कितीही खर्च केला, तरी डक्ट तसाच राहिला तर दोन-तीन महिन्यांत त्याची तक्रार पुन्हा तुमच्याच रजिस्टरमध्ये येते.

आधी झुरळं, कारण तक्रारवहीत सगळ्यांत जास्त तीच असतात. आपल्या इमारतींत मुख्यतः दोन जातींची झुरळं सापडतात आणि दोन्हींचा इलाज निराळा आहे. मोठं, दीड इंची, तांबूस, प्रसंगी उडणारं ते अमेरिकन झुरळ. ते चेंबर, गटार आणि डक्टमध्ये राहतं, घरात फक्त फिरायला येतं. लहान, अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी आणि मानेमागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं ते जर्मन. ते गटारात राहत नाही. त्याचं बिऱ्हाड ट्रॉलीच्या मागे, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली आणि पाण्याच्या आरओ मशिनच्या उबदार, ओलसर पाठीमागे. म्हणजे ज्या घरात जर्मन झुरळं आहेत, त्या घराच्या तक्रारीवर चेंबरमध्ये फवारा मारणं हा शुद्ध वेळकाढूपणा आहे. तक्रार लिहून घेताना वॉचमनने एकच प्रश्न विचारावा: मोठी की लहान? निम्मं काम तिथेच होतं.

जर्मन झुरळावर जेल हाच उपाय. फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असलेलं जेल सर्रास मिळतं. ते खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही. फटीत परत जातं, तिथे मरतं, आणि त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर खाऊन बाकीची मरतात. फटीबाहेर फारशी न पडणारी बारकी पिल्लं मुख्यतः या मार्गानेच मरतात, फवाऱ्याने ती हाती लागत नाहीत. ठिपका तीन-चार मिलिमीटरचा, मसुरीच्या दाण्याहून मोठा नको. मोठे गोळे चिकटवणारा माणूस जेल वाया घालवतो, कारण वरचा थर वाळला की झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. ओटा आणि ट्रॉल्यांच्या साध्या स्वयंपाकघरात असे तीस-चाळीस ठिपके सहज लागतात: बिजागरीच्या खोबणीत, ट्रॉलीच्या चॅनेलमागे, ग्रॅनाइट आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, सिंकच्या पाईपाभोवती. खालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हे होत नाही. दहा मिनिटांत फ्लॅट उरकून निघणाऱ्याने ट्रॉली काढलेली नाही एवढं धरून चाला.

जेल फसण्याची कारणंही ठरलेली आहेत. जेल लावलं त्याच आठवड्यात घरच्यांनी हिट मारला, किंवा ओट्याखालून फिनाईलचा बोळा फिरवला, की झुरळं त्या ठिपक्यांकडे फिरकत नाहीत. रात्री उष्टी भांडी सिंकमध्ये राहिली तर झुरळाला जेलपेक्षा आमटी प्रिय. आणि दुसरी भेट झालीच नाही तर पहिली फुकट. जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशी धरून फिरते, ती साधारण तीन-चार आठवड्यांनी फुटते. डबीतल्या पिल्लांवर जेलचा काही परिणाम होत नाही, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत येऊन ताजे ठिपके लावायला हवेत. कंत्राटात ही दुसरी भेट लिहिलेली नसते, आणि मग 'औषधात दम नाही' असा शेरा पडतो.

आणखी एक. पाठीला पाठ लागून असलेली स्वयंपाकघरं एकाच डक्टला चिकटलेली असतात. पाईप भिंतीतून जातो तिथलं भोक प्लास्टरने भरलेलं नसतं, गॅसच्या पाईपलाईनसाठी केलेलं भोक तर बहुतेक ठिकाणी उघडंच राहतं. एका फ्लॅटमध्ये जर्मन झुरळं भरपूर सापडली तर डावा, उजवा, वरचा आणि खालचा फ्लॅट तपासून घ्या. या चारही घरांना समितीकडून निरोप गेला तर दार उघडतं. आम्ही बेल वाजवली तर 'आमच्याकडे नाहीत' असं उत्तर येतं.

आता मोठी झुरळं आणि चेंबर. झाकण उचलल्यावर टॉर्च मारून बघा. ती पाण्यात नसतात. झाकणाच्या खालच्या बाजूला, विटांच्या सांध्यांत, पाण्यापासून वीतभर वर ओळीने बसलेली असतात आणि नुसत्या मिशा हलताना दिसतात. औषध तिथे पडायला हवं: झाकणाची खालची बाजू, चौकट आणि पाण्यावरची भिंत. बरेच जण झाकण जरासं सरकवून नळी आत घालतात आणि वाहत्या पाण्यावर फवारतात. ते औषध दोन मिनिटांत वाहून जातं. ज्या संकुलांत स्वतःचं एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) आहे तिथे ते थेट एसटीपीत जातं आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मारतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांतली एसटीपीला वास येण्याची तक्रार आणि पेस्ट कंट्रोलची तारीख एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा.

चेंबरमध्ये नीट औषध पडलं की उरलेली झुरळं पाईपातून वर पळतात. म्हणून त्यानंतर दोन-तीन दिवस पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर ती जास्त दिसतात. हे आधी सांगितलं नाही तर लोक समितीवरच चिडतात. आदल्या दिवशी नोटीस लावा: उद्या चेंबरचं काम आहे, रात्री बाथरूमच्या जाळीवर ताटली उलटी ठेवून वर ओलं फडकं टाका. मोठ्या झुरळाच्या अंड्यांची डबी कोपऱ्यात चिकटवलेली असते, त्यात चौदा-सोळा अंडी. ती फुटायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, म्हणून चेंबरची दुसरी फेरी साधारण दोन महिन्यांनी धरावी. महिन्याला दोन-दोन फवारण्यांपेक्षा वर्षातून पाच-सहा नीट फेऱ्या आणि मधल्या काळात तुटक्या झाकणांची दुरुस्ती, हे जास्त उपयोगाचं. झाकणाचा उडालेला कोपरा ही पाच मिनिटांच्या सिमेंटची गोष्ट आहे.

बंद फ्लॅटचा मुद्दा कुणाच्या लक्षातच येत नाही. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, तेवढाच गटार आणि घर यांच्यामधला अडसर. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या घरांत (खारघर, उलवे, घोडबंदरला ही कमी नाहीत) ते पाणी काही आठवड्यांत आटतं आणि तो ट्रॅप झुरळांना सताड उघडा. मग शेजारचे म्हणतात, बंद घरातून झुरळं येतात. मालकाला एवढंच कळवा: महिन्यातून एकदा कुणाला तरी पाठवून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं, वर दोन चमचे खाद्यतेल. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. बाथरूममध्ये भिंतीवर बसणाऱ्या, पंखांवर लव असलेल्या बारीक माश्याही याच ट्रॅपच्या बुळबुळीत थरात वाढतात. त्यांच्यासाठी औषध नको, ट्रॅपची वाटी काढून ब्रशने घासली की पुरे.

ढेकणांची तक्रार लेखी येत नाही, कारण लोकांना लाज वाटते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेतल्या पीजी आणि भाड्याच्या घरांकडे बोट दाखवलं जातं. पण ढेकणाचा अस्वच्छतेशी संबंध नाही. तो बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून, पाहुण्यांच्या अंथरुणातून येतो आणि कुणाच्याही घरी येतो. समितीने हे नोटिशीत स्पष्ट लिहिलं तर लोक वेळेत सांगतात, आणि वेळेत सांगणं इथे सगळ्यात स्वस्त पडतं.

ढेकणाची अंडी मिलिमीटरभर लांब, पांढरट, लाकडाला चिकटवलेली असतात आणि बहुतेक फवाऱ्यांना दाद देत नाहीत. आपल्याकडच्या हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. त्यामुळे एका भेटीत ढेकूण संपवून देतो म्हणणारा एक तर नवशिका आहे किंवा खोटं बोलतोय. दुसरी भेट दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत व्हायलाच हवी, तेव्हा अंड्यांतून निघालेली पिल्लं अजून अंडी घालण्याएवढी मोठी झालेली नसतात. पायरेथ्रॉइड गटातल्या नेहमीच्या फवारणीच्या औषधांना बरेच ढेकूण दाद देईनासे झालेत, म्हणून वाफ उपयोगी. पलंगाच्या सांध्यांवरून, गादीच्या शिवणीवरून वाफेचं नोझल सावकाश न्यायचं, फूटभर अंतराला दहा-पंधरा सेकंद. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गादी गच्चीत उन्हात टाकून हे साधत नाही. वरचा कपडा तापतो आणि ढेकूण आत सरकतो.

समितीचं काम दोन ठिकाणी. ढेकूण लागलेली गादी उघडी लिफ्टमधून खाली नेऊन कचऱ्याच्या खोलीत टाकू देऊ नका. प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळून, टेप लावून, वर 'ढेकूण' असं लिहून नेऊ द्या, नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचते. आणि वॉचमनच्या केबिनमधली लाकडी खाट. पाळ्या बदलतात, पण खाट आणि चादर तीच राहते. तिथे लोखंडी खाट द्या आणि केबिन कंत्राटात घाला. ज्याच्या भरवशावर आपण झोपतो त्याच्या अंथरुणाचा विचार कंत्राटात कुठेच नसतो.

अंगावर खाज, पुरळ, पण गादीत काहीच सापडत नाही, असं झालं तर खिडकीबाहेर एसीच्या कट्ट्यावर कबुतराचं घरटं आहे का ते आधी पाहा. पिल्लं उडून गेली की घरट्यातले सूक्ष्म कोळीवर्गीय किडे माणसाकडे वळतात. त्यावर ढेकणाचा इलाज लागू पडत नाही. घरटं काढून जागा धुवायची आणि जाळी लावायची.

डासांसाठी बहुतेक समित्यांना फॉगिंग हवं असतं, कारण धूर दिसतो आणि सभासदांना काम झाल्यासारखं वाटतं. फॉगिंगने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही आणि आठवड्याभरात नवे डास तयार. शिवाय डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात पडद्यामागे, कपाटाखाली बसतो. संध्याकाळी कंपाऊंडमध्ये केलेला धूर त्याच्यापर्यंत पोचत नाही. हा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की खाडीकडे किंवा समोरच्या नाल्याकडे बोट दाखवण्याआधी आपली गच्ची आणि पोडियम बघावा.

अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच हिशेबाने. पण भांडं नुसतं रिकामं करून चालत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, सुकी राहून काही महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप आतून काथ्याने घासून काढायचं. आमच्या यादीत सर्वात जास्त सापडणाऱ्या जागा: पावसाळ्यात गच्चीवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीच्या वळ्या, पोडियमच्या कुंड्यांखालच्या ताटल्या, वॉटरप्रूफिंगसाठी अडवलेलं पाणी, फायरच्या लाईनचं गळकं जोड, लिफ्टचा खड्डा, आणि ओव्हरहेड टाकीच्या व्हेंट पाईपचं जाळी नसलेलं तोंड. शेवटच्या जागेतून शहरी मलेरियाचा अॅनोफिलीस येतो. त्या पाईपाला बारीक जाळी बांधायला काही रुपये लागतात. उपसता न येणाऱ्या आणि पिण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या पाण्यात, म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यात किंवा बेसमेंटच्या सम्पमध्ये, टेमेफॉस हे अळीनाशक (५० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण) २.५ मिली दहा लिटर पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा फवारतात. पिण्याच्या टाकीत मात्र कंत्राटदाराला कुठलंही औषध टाकू देऊ नका.

वाळवीबद्दल थोडक्यात. लाकडाखाली पीठ सांडलेलं दिसलं की सगळे वाळवी म्हणतात. टाल्कम पावडरसारखी बारीक भुकटी असेल तर ती प्लायवूड-बांबूतल्या भुंग्याची, खसखशीसारखे दाणे असतील तर कोरड्या लाकडातल्या वाळवीचे, आणि मातीच्या नळ्या असतील तर जमिनीतून येणाऱ्या वाळवीच्या. भिंतीत ड्रिल मारायचं काम फक्त या तिसऱ्या प्रकाराला. भारतीय मानक आयएस ६३१३, भाग ३ प्रमाणे भिंत आणि जमीन मिळते तिथे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरवर, आणि प्रत्येक भोकात औषध जिरेल तितकं, जास्तीत जास्त एक लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रावण) असेल तर लिटरला २.१ मिली, क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी असेल तर लिटरला ५० मिली. भोकं मोजा. दोन फुटांवर एक मारलेलं असेल तर अर्धंच काम झालेलं आहे. नंतर पेव्हर ब्लॉकसाठी किंवा पाईपलाईनसाठी भिंतीलगत खणलं की औषधाचा पट्टा तुटतो, तेवढा भाग पुन्हा करून घ्यावा लागतो. बिल्डरकडून ताबा घेताना बांधकामाआधीच्या वाळवी प्रतिबंधाचा कागद मागून फाईलला लावा.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड नको. धान्यात सोंडे, डाळीत भुंगे झाले म्हणून कुणी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात ठेवत असेल तर तात्काळ थांबवा. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि तो फटी-डक्टमधून शेजारच्या घरात जाऊन झोपेतल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. या गोळ्यांचा वापर कायद्याने सरकारी यंत्रणा आणि तिने मान्य केलेल्या प्रशिक्षित लोकांपुरताच मर्यादित आहे, राहत्या इमारतीत त्यांना जागाच नाही. वाशीच्या दाणाबंदरातून वर्षाचं धान्य भरणाऱ्यांनी डाळी-रवा थोडा-थोडा करून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावा. किडे, अळ्या आणि अंडी त्यातच मरतात.

कंत्राटदाराकडे परवाना मागा. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१चे नियम यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो, तो राज्याचा कृषी विभाग देतो. बाटली कपड्यात गुंडाळून आणणारा, लेबल न दाखवणारा माणूस गेटवरूनच परत पाठवा. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. राहत्या घरात लाल येऊच नये. डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणी 'जुनं पण जोरदार' औषध आहे म्हणून आणलं तर ते हेच असण्याची शक्यता धरा. ज्या घरात मत्स्यालय किंवा मांजर आहे त्यांना किमान एक दिवस आधी कळवा, कारण पायरेथ्रॉइड माशांना आणि मांजरांना फार लवकर बाधतं.

कंत्राटात काय लिहायचं ते आता आपोआप ठरतं. प्रत्येक भेटीनंतर चिठ्ठी: औषधाचं नाव, बॅच नंबर, किती पाण्यात किती, कोणत्या जागा, माणसाची सही. बंद राहिलेल्या फ्लॅटची यादी आणि त्यांच्यासाठी दुसरी तारीख. आणि मोजणी. डक्टच्या प्रत्येक दारात आणि कचऱ्याच्या खोलीत दोन-दोन चिकट सापळे तीन रात्री ठेवा, सापडलेली झुरळं मोजून वहीत तारखेनिशी लिहा. सापळ्याच्या एकाच कडेला बारकी पिल्लं दाटीने चिकटलेली दिसली तर घरटं त्या दिशेला आहे. हेच सापळे दोन महिन्यांनी पुन्हा ठेवा आणि बिलाचा शेवटचा तिसरा हिस्सा ते आकडे बघून द्या. आमच्याच धंद्यातले काही जण यावर नाराज होतील. पण भेटींवर पैसे मिळतात तोवर भेटीच वाढतात, झुरळं कमी करायची गरज कुणालाच उरत नाही. स्वस्तातलं कोटेशन देणाऱ्याला विचारा, शंभर फ्लॅटच्या विंगला किती माणसं आणि किती तास? उत्तर 'एक माणूस, एक तास' असेल तर फाईल बंद करा.

मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, चेंबर आणि टाक्यांची फेरी झालेली बरी. त्यासाठी समितीतल्या एकाने टॉर्च घेऊन तंत्रज्ञाबरोबर तासभर फिरावं आणि डक्टच्या किल्ल्या आदल्या दिवशीच शोधून ठेवाव्यात. निम्म्या वेळा काम त्या किल्ल्यांपाशीच अडतं.

कळावे,
ठाणे व नवी मुंबई परिसरात कीडनियंत्रणाचं काम करणारे तंत्रज्ञ